एक जूनची माणसं

“निम्मे वाचक नापास?” मृण्मयीने कपाळावर हात मारला. याद्यांमधल्या चुका हेरून सुधारणारं संगणकीय इंजिन तिने तीन वर्षं खपून लिहिलं होतं, कालच जगाला फुकट खुलं केलं होतं. आज एका ग्रंथालयाने त्यात सभासदांची यादी घातली, तर निम्म्यांची जन्मतारीख एकच: एक जून. इंजिनाने ती चूक धरून सगळ्यांना नापास केलं होतं.

“बाबा, इंजिन गंडलंय माझं.”

यादी बघून वडील हसत सुटले. “गंडलंय कसलं? आमच्या आईबापांना कुठे तारखा ठाऊक? शाळेत घालताना गुरुजीच सरसकट एक जून लावायचे. मलाही तीच लावली. तू केक आणतेस ना दरवर्षी?”

हसू आवरत तिने नवा नियम लिहिला: एक जून दिसल्यास नापास करू नये, खरा वाढदिवस विचारावा.

आणि बाबांना विचारला.

“नागपंचमीचा,” ते लाजले. “साठी उलटली, पहिल्यांदाच विचारलं गं कोणी.”