डाव्या डोळ्याचा दावा

साखर आणि वजन दोन्ही आटोक्यात येतील म्हणून बस ड्रायव्हरने दर आठवड्याला टोचायचं नवं इंजेक्शन सुरू केलं. एका सकाळी तो उठला, तर डाव्या डोळ्यासमोर खालच्या बाजूने नुसता काळोख. ना दुखलं, ना खुपलं. डोळा गेला आणि पाठोपाठ बसही हातातून गेली. त्याने औषध कंपनीवर दावा ठोकला.

कंपनीच्या वकिलाने भर कोर्टात त्याला पार सोलून काढलं. "खाताना जिभेला लगाम घातला असता, तर इंजेक्शन लागलं असतं का?" लोक हसले. ड्रायव्हर आतल्या आत धुमसत राहिला.

मधल्या सुट्टीत त्याच वकिलाने त्याला जिन्यापाशी एकटं गाठलं. "काका, तुमचं नेमकं कसं सुरू झालं होतं? माझी बायकोही तेच इंजेक्शन घेते. सकाळपासून म्हणतेय, एका डोळ्याने खालचं दिसत नाही."

याची गचांडी धरावी, असं ड्रायव्हरला वाटलं. पण तो ओरडला, "अहो, मग इथे काय करताय? आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या! आणि ते इंजेक्शन बंद करा!"

पुढच्या तारखेला वकिलाने दारातच त्याचे हात घट्ट धरले. "त्याच दिवशी बंद केलं, काका. डॉक्टर म्हणाले, दुसरा डोळा तरी वाचला."



मग तो आत गेला, काळा कोट सारखा केला आणि न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, आमचं औषध पूर्णपणे सुरक्षित आहे."