दहातली सहा

"मास्तर म्हणाले, तुमच्यासारखी काजं कुणालाच जमत नाहीत," शिवणकारखान्यातून आलेली बायको जेवताना सांगत होती आणि तो ताटाआड बोट दुमडत होता. "मास्तरांनी नवा चष्मा घेतलाय." आणखी एक बोट. "भाजीत मीठ कमी झालंय का हो?" हे त्याने दुसऱ्या हातावर घेतलं.

दहा वाक्यांत सहा मास्तरांची निघाली. कालही सहाच होती.

तो धान्याच्या गोदामात तपासनीस होता. हजार पोती आली की तो वीस उघडून बघायचा. विसांत तीन किडकी निघाली तर हजारांत दीडशे, असा त्याचा हिशेब. आणि तो सहसा चुकत नसे. पोती मात्र चारी कोपऱ्यांतून काढायची. दाराजवळचीच काढणाऱ्या नवख्यांची तो चेष्टा करायचा.

घरी ती जेवताना तेवढी बोलायची. शिवणकारखान्यात दिवसभर. नवऱ्यासमोर दहात सहा, तर दिवसाच्या हजार वाक्यांत सहाशे. शिवाय तिथे तो माणूस शेजारीच बसलेला. घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

"तुझ्या मास्तरांना काही कामधाम असतं की नाही?"

"असतं की! कापड बेतावं तर त्यांनीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कारखान्यात जाऊन उभा राहिला. बायको बटणं आणायला बाहेर गेली होती. मास्तर लांबलचक टेबलाशी कापड कापत होते. उंच, नीटनेटके, त्याच्यापेक्षा चांगले आठदहा वर्षांनी लहान. रात्रभर जुळवलेलं वाक्य त्याला आठवेना.

"मी तिचा..."

"ओळखलं," मास्तर म्हणाले. "मिशी स्वतःच कापता, म्हणून डावीकडे वाकडी होते. झोपेत पोती मोजता. जिना चढताना गाणं म्हणता आणि शेजारीण दार लावून घेते. अहो, इथे दिवसभर तुमचंच पुराण चालू असतं."

त्याचा हात मिशीकडे गेला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्याला हसूच फुटलं. केवढा मूर्ख मी, त्याला वाटलं.

"अगदी दिवसभर?" त्याने लाजत विचारलं.

कात्री थांबली. मास्तरांनी मान वर केली नाही.

"दहा वाक्यांत नऊ," ते म्हणाले. "रोज मोजतो मी."