उरलेला एक शब्द

“मर!” शेजारच्या ओसरीवरून सुंदरम्मा ओरडली.

कुंडलिकनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज त्याचा दिवस होता. फाटकासमोरच्या कडुनिंबावर महापालिकेचा माणूस करवत घेऊन चढला होता. सांगोल्याहून चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आलेल्या कुंडलिकनं अंगणातल्या कुंड्यांत गावाकडची डाळिंबं लावली होती आणि या झाडाच्या सावलीत त्यांना फूल म्हणून धरत नव्हतं. अर्ज दोन फांद्यांचा होता. पण आज सकाळी त्यानं त्या माणसाला परस्पर सांगून टाकलं, “पार बोडकं करा.”

त्याला कारण ही म्हातारी. पक्षाघातानं तिची वाचा गेली होती. सगळे शब्द गेले आणि नेमका हाच उरला. कुंडलिक सकाळी बादली घेऊन कुंड्यांना पाणी घालायला आला, की ती थरथरता हात त्याच्या दिशेनं करून म्हणायची, “मर.” रोज. दिवस असा उजाडल्यावर माणसाला घास तरी गोड कसा लागावा? त्याची बायको सोनाबाई म्हणे, “म्हातारं माणूस हाय, सोडून द्या.” त्यानं सोडलं नव्हतं. त्याला ते फार लागलं होतं.

पहिली फांदी खाली आली. “मर! मर!” म्हातारी रडायलाच लागली. तिचा मुलगा मल्लिनाथ धावत बाहेर आला.

कुंडलिकला आता राहवेना. “आण्णा, म्या तुमच्या आईचं काय घोडं मारलंय? रोज सकाळी उठून मला मर म्हणत्यात!”

मल्लिनाथ त्याच्याकडं बघतच राहिला. “तुमाला न्हाय वो! कानडीत मर म्हणजे झाड. तुमी कुंड्यांला पाणी घालाया लागला की म्हणती ती, झाडालाबी घाला की.”

कुंडलिक पुरता ओशाळला. त्यानं वर पाहिलं. करवत दुसऱ्या फांदीवर टेकली होती.

“तेवढी एक काढा,” तो म्हणाला, “आन् उतरा खाली.”

दुसऱ्या दिवशी डाळिंबांवर कोवळं ऊन आलं होतं. कुंडलिकनं आधी त्यांना पाणी घातलं. मग उरलेली अर्धी बादली कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतली, ओसरीकडं वळला आणि मोठ्यानं, अगदी मायेनं म्हणाला, “मर!”

रस्त्यानं चाललेली भाजीवाली गाडा थांबवून त्याच्याकडं डोळे फाडून बघायला लागली. सुंदरम्मा मात्र तोंडभर हसली.