महामाईचा हात

सिमेंट पुरतं वाळलं होतं. मंजिरीने नखाने खरवडून पाहिलं, तर नखच तुटलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

हजार वर्षांपूर्वीच्या त्या देवळाचं शिखर केव्हाच ढासळलं होतं. उरला होता गाभारा, दाराची अर्धी कोरीव चौकट आणि चौकटीतून निखळलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली गंगा. पायाखाली मगर, कमरेत हलकासा बाक, आणि दगडातही झिरझिरीत वाटावी अशी वस्त्राची चुणी. इतकी देखणी गंगा पुरातत्त्व खात्यातल्या मंजिरीने अख्ख्या छत्तीसगडात पाहिली नव्हती. पुस्तकात ती गंगा, गावासाठी महामाई. नाक आणि उजवा हात तुटलेला, तरी ऐट तसूभर कमी झाली नव्हती. नव्या राजधानीच्या संग्रहालयात, अगदी दर्शनी दालनात, तिची जागा ठरली होती. बाहेर ट्रक उभा होता. क्रेनवाला बिडी ओढत बसला होता.

आणि आज महामाईला नाक होतं. वांग्याएवढं. हातही होता, पाची बोटं सारख्याच लांबीची. वरून लाल ऑइलपेंट.

“कोणी केलं हे?”

“मी,” लहानू म्हणाला. तो तिकडे बीरगावात कारखान्यांच्या भिंती बांधणारा गवंडी.

“अक्कल गहाण टाकली का रे? हे सिमेंट काढाले गेलं तर संग दगड निघते, समजते का तुले? हजार वर्षं ऊनपाण्यानं जे नाही केलं, ते तू दोन दिवसांत करून ठेवलं!”

मंजिरी थांबेना. तिने त्याच्या हाताला नावं ठेवली, गावाच्या अडाणीपणाचा उद्धार केला, पोलिसात देते म्हणाली. संतापाने तिचे डोळे भरून आले. सगळ्यात जास्त चीड आली ती दगाबाजीची. मागच्या महिन्यात ती इथेच, याच पायरीवर बसून गावाशी बोलली होती. आधी सगळे हटून बसले होते. मग तिने अशी काही समजूत घातली की कोणी हूं की चूं केलं नाही. आणि आता पाठीमागून हे!

लहानूची बहीण कलावती पुढे आली. भंडाऱ्याकडून लग्न होऊन इथे आलेली, महामाईची रोजची दिवाबत्ती करणारी. आपल्याकडची मराठी बोलायला कोणी भेटलं म्हणून मंजिरीला पाहून एरवी हरखून जायची, बळेच चहा पाजायची. आज तिने चहाचं नावही काढलं नाही.

“त्याले काहून बोलून राहिल्या, दीदी? मी बलावलं त्याले. राजधानीसाठी वावर मागितलं, दिलं. तलाव मागितला, दिला. मग तुमी आल्या. याच पायरीवर बसून सांगितलं, खंडित मूर्तीची पूजा चालत नाही, पुजली तं घराले दोष लागते, म्हणून आमी घेऊन जातो. आमाले पटलं.”

तिने पदराने महामाईच्या सिमेंटच्या हातावरची धूळ पुसली.

“आता ते खंडित नाही. आता काहून नेता?”