तात्यांच्या अंगातली रेंज

तिरडी बांधून झाली, तरी सुलभाच्या वडिलांना, तात्यांना, उचलायला कुणी पुढे येईना. तिने शेजारच्या मगदूमकाकांना कारण विचारलं.

"आख्ख्या गल्लीची रेंज तात्यांच्या अंगातनं येतीय, पोरी. जाळलं की गेली. कंपनीचा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या छातीत चकती बसवणार हाय, तवर ठेवूया."

टॉवर नको म्हणून मोर्चा काढणारी हीच गल्ली. तेव्हा माणसाच्या छातीत बसवलेल्या चकतीवर चालणारं नवं नेटवर्क कंपनीने आणलं, आणि सगळ्यांनी मिळून एकट्या राहणाऱ्या तात्यांना पुढे ढकललं.

"बर्फ सांगितलाय," मगदूमकाकू म्हणाल्या. "गच्चीवर ठेवलं तर आणखी चांगली येईल बघ."

सुलभा आत गेली आणि तिने कॅनडातल्या भावाला फोन लावला. या लोकांना तू तरी दोन शब्द सुनाव म्हणाली.

सगळं ऐकून तो म्हणाला, "पण तुझा आवाज काय स्पष्ट येतोय गं! राहू दे की उद्यापर्यंत. मलाही व्हिडिओवर दर्शन नीट होईल."

सुलभाने फोन झटकन कानापासून दूर धरला. इतका वेळ तीही तात्यांच्याच छातीतून बोलत होती.

बाहेर येऊन तिने फोन मडक्यातल्या निखाऱ्यांवर टाकला आणि तिरडीचा पुढचा दांडा एकटीनेच उचलला. मागे माणसं होती, पण ती आपापल्या फोनवर बर्फवाल्याला लवकर ये म्हणून सांगत होती.