दक्षिणेचं दार

निजामाच्या राज्यात प्लेग फिरला, त्या साली युसूफ वडगाव या गावातल्या आश्रुबाची दोन्ही लेकरं पाठोपाठ गेली. गाव म्हणालं, "दाराचं तोंडच दक्षिणेला, यमाकडं. दुसरं काय व्हनार?" बायकोला, बायनाबाईला, पुन्हा दिवस गेले तसं आश्रुबानं ठरवलं, पूर्वेला नवं दार फोडायचं आणि जुनं बुजवून टाकायचं.

दिवसभर रान, सांजेला भिंत. हात सोलून निघाले. निम्मी भिंत पावसात ढासळली तेव्हा त्यानं पहार फेकून दिली. बायनाबाईनंच ती उचलून त्याच्या हातात ठेवली. "अवं, दम सोडू नका. पोटातल्यासाठी चाललंय हे." अवघडल्या अंगानं तीच चिखल तुडवायची, तीच पाट्या भरून द्यायची.

शेवटी एका सकाळी नव्या दारातून ऊन थेट चुलीपर्यंत आलं. आश्रुबा जुन्या दारात दगड रचत वर आला. एकाच दगडाची जागा उरली, तेव्हा बायनाबाईनं त्याचा हात धरला.

"तेवढी जागा ऱ्हाऊ द्या."

"कावून?"



"त्या दोघांना माघारी यायला हेच दार ठावं हाय."