नाव बदललेली बाई

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो.

विद्यापीठात एक प्रोफेसर होता. कोठडीत मार खाल्लेल्या माणसांना भेटायचा, त्यांचं ऐकून घ्यायचा आणि त्यावर लिहायचा. असं लिहिणाऱ्यांत रीत अशी, की छापताना बोलणाऱ्याचं नाव बदलायचं. खरी नावं त्यानं कुठे लिहिलीच नाहीत. डोक्यात ठेवली.

सरकारला ते लिखाण झोंबलं. चौकशी लागली. विद्यापीठानं मुकाट त्याच्या खोलीची किल्ली दिली, मेलचा पासवर्ड दिला, घरचा पत्तासुद्धा दिला. कुणी हूं की चूं केलं नाही.

त्या लिखाणात एक बाई फार धीटपणे बोलली होती. मारणाऱ्याचा हुद्दा, चेहरा, सगळं सांगून मोकळी. सरकारला तीच हवी होती. प्रोफेसरानं तिला कौतुकानं नाव दिलं होतं आपल्या आईचं. आडनावासकट! एवढा शिकलेला, पण माती खाल्ली ती तिथे.

दोन साहेब दारात आले. आईनंच दार उघडलं. थोरल्यानं नाव विचारलं, तिनं सांगून टाकलं.

प्रोफेसर आतून धावत आला. "अहो, ते नाव नुसतं वापरलंय मी. ही माझी आई आहे. हिला यातलं काही माहीत नाही."

"मग खरं नाव सांगा."

तो आईच्या पुढे आडवा उभा राहिला.

"तू बस रे," म्हातारी म्हणाली. "साहेब, ती बाई मीच."

"आजी, लेखातली बाई पस्तिशीची आहे."

"वयही बदललंय त्यानं. आईचं वय कमी करणारा मुलगा मिळायला भाग्य लागतं. थांबा, चप्पल घालते."

दोघांनाही नेलं. तिथे म्हातारीनं अशा थापा मारल्या म्हणता! म्हणे, खुर्ची उचलून चार शिपाई लोळवले, अन् पाचव्यानं पाया पडून माफी मागितली. धाकट्या साहेबाला हसू आवरेना.

थोरला हसला नाही. हळूच म्हणाला, "प्रोफेसर, आईंचे गुडघे सुजलेत. आतली फरशी फार गार असते. एक नाव द्या आणि दोघं घरी जा."

म्हातारीनं पोराकडे डोळे वटारून पाहिलं. खबरदार, म्हणून.

पोरगा गप्प राहिला. त्या बाईला शब्द दिला होता ना त्यानं. ती आपल्या घरी, आपल्या लेकरांत सुखरूप राहिली.

एवढं एकच मी पदरचं घातलं. पोरगा बोलला. त्या बाईला त्याच संध्याकाळी उचललं, आणि म्हातारीला, म्हणजे मला, गाडीनं घरी आणून सोडलं.